एकच सी प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅकवर: हेडर फाइलींची व्यवस्था

सी भाषेतला प्रोग्राम विंडोजवर बिनतक्रार चालतो आणि तोच लिनक्सवर नेला की पहिल्या पाच-सहा ओळींतच कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) अडून बसतो, हा अनुभव बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि उद्यमबाग, मच्छे इथल्या कारखान्यांसाठी छोटी-मोठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांना चांगलाच परिचयाचा आहे. अडचण बहुतेक वेळा प्रोग्रामच्या तर्कात नसते. ती अगदी वर लिहिलेल्या ‘हॅश इन्क्लूड’च्या ओळींत असते. सीमाभागातली अनेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पुढे एकदम इंग्रजी पुस्तकांसमोर बसतात, तेव्हा या ओळी ‘वर लिहायच्याच असतात’ एवढ्यावर सोडून दिल्या जातात आणि त्यांचा अर्थ लावायचा राहून जातो. खरे तर आपला प्रोग्राम कशाकशावर अवलंबून आहे, हे त्या ओळींत जाहीर केलेले असते. ते जितके नेमके केलेले असेल, तितका प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे सोपे जाते.

‘हॅश इन्क्लूड’ची ओळ कंपायलरच्या मुख्य भागापर्यंत पोहोचतच नाही. त्याआधी प्रीप्रोसेसर नावाचा टप्पा असतो. तो नाव दिलेली फाइल, म्हणजेच हेडर फाइल, शोधतो, तिचा मजकूर जसाच्या तसा उचलतो आणि त्या ओळीच्या जागी चिकटवतो. चिकटवलेल्या मजकुरात आणखी ‘इन्क्लूड’ असतील तर त्यांचेही तेच होते. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी घडवली तेव्हा सुरुवातीला ही सोय नव्हती. १९७२-७३ च्या सुमारास प्रीप्रोसेसर भाषेला जोडला गेला, आणि मजकूर चिकटवण्याची ती साधी रीत आजही तशीच आहे. जीसीसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या कंपायलरला ‘-ई’ हा पर्याय दिला की चिकटवून झालेला सगळा मजकूर पडद्यावर दिसतो. फक्त ‘एसटीडीआयओ.एच’ घेणारा पाच ओळींचा प्रोग्राम तिथे शेकडो ओळींचा झालेला असतो, आणि ‘विंडोज.एच’ घेतली तर आकडा हजारोंच्या घरात जातो. प्रत्येकाने एकदा तरी हे करून पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ या चिकटवण्यात आहे.

हेडर आणि लायब्ररी यांतला फरक इथेच स्पष्ट करून घ्यावा. उद्यमबागेत कोणीही सांगेल की ड्रॉइंग हाती आले म्हणजे कास्टिंग हाती आले असे नाही. हेडर हे ड्रॉइंग आहे आणि लायब्ररी हे कास्टिंग. हेडरमध्ये फंक्शनचे नाव, ते काय घेते आणि काय परत देते एवढेच लिहिलेले असते; प्रत्यक्ष काम करणारा कोड लायब्ररीत असतो आणि तो सर्वांत शेवटी लिंकर जोडतो. म्हणून ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश आला तर हेडर सापडलेले नाही, आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा आला तर हेडर सापडले पण लायब्ररी जोडलेली नाही, असे समजावे. लिनक्सवर ‘मॅथ.एच’ घेऊन वर्गमूळ काढणारा प्रोग्राम नीट कंपाइल होतो आणि लिंक करताना अडतो, कारण तिथे गणिताची लायब्ररी ‘-एलएम’ लिहून वेगळी मागावी लागते. विंडोजवर ती मागावी लागत नाही. दोन्ही संदेश पाहून सरसकट इन्क्लूडच्या ओळी बदलत बसणाऱ्यांचा फार वेळ वाया जातो.

आता हेडर कोणकोणत्या घरचे असतात ते पाहू. पहिले घर सी भाषेच्या प्रमाणाचे (स्टँडर्डचे). १९८९ च्या प्रमाणात १५ हेडर होते, १९९९ च्या प्रमाणात ते २४ झाले आणि २०११ मध्ये २९. ‘एसटीडीआयओ.एच’, ‘एसटीडीलिब.एच’, ‘स्ट्रिंग.एच’ ही नावे त्यांतली, आणि डेस्कटॉपवर चालणाऱ्या कोणत्याही प्रमाणबद्ध कंपायलरकडे ती मिळणारच. दुसरे घर पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमसाठी) १९८८ पासून चालत आलेल्या प्रमाणाचे. ‘युनिएसटीडी.एच’, ‘टर्मिऑस.एच’, ‘पीथ्रेड.एच’ ही तिथली. लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर ती मिळतात, पण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत येत नाहीत. तिसरे घर एकेका प्रणालीचे स्वतःचे: विंडोजची ‘विंडोज.एच’, लिनक्सच्या कर्नलची ‘लिनक्स’ या फोल्डरमधली हेडरे, मॅकची ‘मॅक’ (mach) आणि ‘मशीन’ या फोल्डरमधली. आपण लिहिलेल्या प्रत्येक इन्क्लूडपुढे तिचे घर कोणते हे मनाशी म्हणता आले पाहिजे.

आपल्याकडे याशिवाय एक चौथे घर भेटते, ते टर्बो सीचे. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये आणलेला हा डॉसवरचा कंपायलर आपल्या भागातल्या अनेक प्रयोगशाळांत फार काळ टिकून राहिला, आणि त्यामुळे ‘कॉनिओ.एच’ लिहायची, सुरुवातीला पडदा पुसायचा आणि शेवटी एक कळ दाबेपर्यंत थांबायचे ही सवय हाताला लागली. ही हेडर फाइल सी भाषेच्या कोणत्याही प्रमाणात नाही. लिनक्सवर ती नसते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरकडे त्याच नावाची फाइल आहे, पण पडदा पुसण्याचे टर्बो सीचे फंक्शन तिच्यात नाही. नवशिक्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर अडला तर मी पहिली शंका या फाइलीवर घेतो, आणि बहुतेकदा ती ओळ व तिच्यासोबतची दोन फंक्शने काढून टाकली की बाकीचा प्रोग्राम सर्वत्र चालतो. जुन्या पुस्तकांतल्या ‘मॅलॉक.एच’चेही तसेच आहे. स्मृती मागण्याचे फंक्शन प्रमाणानुसार ‘एसटीडीलिब.एच’मध्ये आहे, लिनक्स आणि विंडोजवर ‘मॅलॉक.एच’ सापडते म्हणून चूक लक्षात येत नाही आणि मॅकवर गेल्यावर ती उघडी पडते.

फाइल शोधली कुठे जाते, हा पुढचा प्रश्न. कोनी कंसात लिहिलेले नाव कंपायलर ठरलेल्या फोल्डरांमध्ये शोधतो: आधी आपण ‘-आय’ या पर्यायाने सांगितलेली, मग प्रणालीची. दुहेरी अवतरणात लिहिलेले नाव तो आधी ती ओळ ज्या फाइलीत आहे तिच्या फोल्डरमध्ये पाहतो आणि तिथे नसेल तर वरच्या क्रमाने पुढे जातो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर इथे आणखी एक पाऊल टाकतो. ज्या फाइलीने या फाइलीला आत घेतले तिचे फोल्डर, त्याहीमागचे फोल्डर, अशी साखळी तो मागे मागे तपासतो. त्यामुळे तिथे आपोआप सापडणारे हेडर जीसीसीला सापडत नाही, आणि फोल्डरांची रचना तर तीच आहे, मग अडले कुठे, हे कळत नाही. प्रकल्पाचे एकच मुख्य फोल्डर ‘-आय’ने सांगावे आणि प्रत्येक इन्क्लूड त्या फोल्डरपासूनच्या पूर्ण मार्गाने लिहावी, म्हणजे हा फरक उरत नाही. स्वतःच्या फाइलीला ‘टाइम.एच’ किंवा ‘स्ट्रिंग.एच’ असे नाव कधीही देऊ नये, कारण ‘-आय’ची फोल्डरे प्रणालीच्या फोल्डरांआधी तपासली जातात आणि कोनी कंसात मागितलेल्या प्रमाण हेडरच्या जागी आपलीच फाइल पुढे येते.

नावाच्या स्पेलिंगमधली लहान-मोठी अक्षरे हा विषय क्षुल्लक दिसतो, पण त्याने पुष्कळांना छळले आहे. विंडोजवर आणि मॅकच्या नेहमीच्या मांडणीत फाइलीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले काय किंवा लहान, तीच फाइल उघडते. लिनक्सवर ती दोन वेगळी नावे ठरतात. फाइल ‘सेन्सर’च्या मोठ्या एसने साठवलेली आणि इन्क्लूड लहान एसने लिहिलेली, असा प्रकल्प विंडोजवर वर्षभर चालू शकतो आणि लिनक्सवर पहिल्याच दिवशी मोडतो. दुरुस्ती म्हणून विंडोजवर नावातले एक अक्षर लहान करावे, तर फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला तो बदल पुष्कळदा दिसतच नाही. ‘गिट एमव्ही’ या आज्ञेनेच नाव बदलावे लागते. सगळी नावे पहिल्यापासून लहान अक्षरांत ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मार्गातली तिरकी रेघही नेहमी पुढे झुकणारीच वापरावी. ती विंडोजसकट सर्वत्र चालते, तर मागे झुकणारी रेघ इन्क्लूडच्या नावात आली तर काय व्हावे हे सीच्या प्रमाणाने ठरवूनच दिलेले नाही.

काही ठिकाणी मात्र प्रणालीप्रमाणे वेगळे हेडर घ्यावेच लागते, आणि तिथे ‘हॅश इफ’ची, म्हणजे अट पुरी झाली तरच खालचा मजकूर ठेवणाऱ्या ओळीची, मदत घेतात. विंडोजसाठी कंपाइल होत असताना ‘_विन३२’ हा मॅक्रो, म्हणजे प्रीप्रोसेसरला ओळखू येणारे नाव, आपोआप ठरलेला असतो, आणि नावात ३२ असले तरी तो ६४ बिटांच्या विंडोजवरही असतो. लिनक्ससाठी ‘__लिनक्स__’ आणि मॅकसाठी ‘__ॲपल__’ असे मॅक्रो आहेत. नेहमी होणारी गल्लत अशी की प्रणाली ओळखायची असताना कंपायलर ओळखणारा मॅक्रो तपासला जातो. ‘_एमएससी_व्हर’ म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर. पण विंडोजवर मिनजीडब्ल्यू (जीसीसीचे विंडोजसाठीचे रूप) वापरणाऱ्याकडे तो मॅक्रो नसतो, ‘_विन३२’ मात्र असतो. उलट क्लँग हा कंपायलर जीसीसी नसूनही लिनक्स आणि मॅकवर जीसीसीची ओळख सांगणारा मॅक्रो ठरवतो. प्रश्न प्रणालीचा असेल तर प्रणालीचा मॅक्रो, कंपायलरच्या खास सोयीचा असेल तर कंपायलरचा, हे भान ठेवले की निम्म्या गाठी सुटतात.

हे मॅक्रो कुठे लिहायचे, हा मला संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, म्हणून एक उदाहरण जरा जवळून पाहू. उष्णतोपचाराच्या भट्टीचे तापमान दाखवणारा कंट्रोलर आरएस-४८५ च्या तारेने आणि यूएसबी कन्व्हर्टरने संगणकाला जोडलेला आहे. कार्यालयात विंडोजचा संगणक आहे आणि भट्टीशेजारी लिनक्सवर चालणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवायचा आहे. विंडोजवर या जोडणीचा पोर्ट ‘कॉम३’ अशा नावाने दिसतो, ‘क्रिएटफाइल’ने उघडतो, आणि वेग ठरवण्यासाठी ‘डीसीबी’ नावाचे स्ट्रक्चर (अनेक रकान्यांचा एक गट) भरून ‘सेटकॉमस्टेट’ला द्यावे लागते, हे सगळे ‘विंडोज.एच’मध्ये आहे. लिनक्सवर तोच पोर्ट ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाची फाइल म्हणून दिसतो, ‘ओपन’ने उघडतो, आणि वेग ‘टर्मिऑस.एच’मधल्या स्ट्रक्चरने ठरतो. साहजिक सुचणारी रीत अशी की जिथे जिथे पोर्टशी संबंध येतो तिथे तिथे ‘हॅश इफ’ घालायचे. पहिल्या महिन्यात ते निभते. मग कोणीतरी नोंदी साठवण्याचा भाग लिहितो, कोणी आलेख काढण्याचा, आणि प्रत्येक फाइलीत दोन प्रणालींचे तुकडे एकमेकांत विणले जातात. एका बाजूचा बदल करणाऱ्याला दुसरी बाजू मोडली का हे कळायला मार्ग राहत नाही.

याऐवजी ‘सिरियल.एच’ नावाचे स्वतःचे एक हेडर करावे. त्यात पोर्ट उघडणारे, वाचणारे, लिहिणारे आणि बंद करणारे अशा चार फंक्शनांच्या घोषणा असाव्यात आणि ‘विंडोज.एच’ किंवा ‘टर्मिऑस.एच’ यांपैकी एकही नाव नसावे. विंडोजवर पोर्टची खूण ‘हँडल’ या प्रकाराची असते आणि लिनक्सवर साधा पूर्णांक असतो. हा फरक झाकण्यासाठी हेडरमध्ये ‘स्ट्रक्ट सिरियल’ असे एक नाव नुसते घोषित करायचे आणि त्याच्या आत काय आहे ते सांगायचेच नाही. सर्व फंक्शने त्या स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे स्मृतीतला पत्ता, देतात किंवा घेतात. पॉइंटर वापरण्यासाठी आतली रचना माहीत असावी लागत नाही, एवढी एकच गोष्ट हे सगळे शक्य करते. मग दोन सी फाइली लिहायच्या, एक विंडोजची आणि एक पॉझिक्सची, प्रत्येकीत स्ट्रक्चरची आपापली खरी रचना आणि आपापली प्रणालीची हेडरे. आणि यांपैकी कोणती कंपाइल करायची हे सीमेक किंवा मेकफाइलीत (प्रकल्प कसा कंपाइल करायचा हे सांगणाऱ्या फाइलींत) ठरवायचे. नोंदी आणि आलेख लिहिणाऱ्यांना प्रणाली कोणती याची गरजच उरत नाही, आणि पॉझिक्सची फाइल मॅकवरही बहुतांशी तशीच चालते.

प्रणालीचे हेडर आपल्या हेडरमध्ये येऊ न देण्याचे आणखी एक कारण आहे. ‘विंडोज.एच’ आपल्यासोबत ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या लहान अक्षरांतल्या नावांचे मॅक्रो आणते, आणि तुमच्या प्रोग्राममध्ये त्या नावाचे फंक्शन असेल तर त्याची मोडतोड होते. शिवाय ती ‘विनसॉक.एच’ हे नेटवर्कचे जुने हेडर आत ओढते. त्यानंतर ‘विनसॉक२.एच’ घेतले तर एकच गोष्ट दोनदा घोषित झाल्याच्या चुकांची रांग लागते, म्हणून ‘विनसॉक२.एच’ आधी आणि ‘विंडोज.एच’ नंतर असा क्रम पाळावा लागतो. इन्क्लूडच्या ओळी वर्णानुक्रमे लावून देणारी साधने हाच क्रम उलटा करतात; तिथे दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ आणि कारण सांगणारी टीप सोडलेली बरी.

क्रमाचा याहून सूक्ष्म प्रकार लिनक्सवर भेटतो. जीसीसीला ‘-एसटीडी=सी११’ असे सांगितले की हेडर फक्त सीच्या प्रमाणातलीच नावे दाखवतात आणि पॉझिक्सची लपवतात. स्ट्रिंगची प्रत करून देणारे ‘स्ट्रडप’ हे त्यांतलेच. ते सीच्या प्रमाणात २०२३ च्या आवृत्तीत आले. लपलेले नाव वापरले की घोषणा न सापडल्यामुळे जुने जीसीसी केवळ इशारा देत आणि फंक्शन ‘इंट’ (पूर्णांक) परत देते असे गृहीत धरत. ६४ बिटांच्या यंत्रावर पत्ता ६४ बिटांचा आणि इंट ३२ बिटांचा, म्हणजे पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्राम कुठेतरी भलतीकडे कोसळतो. ‘स्ट्रिंग.एच’ तर वर घेतलेले आहे, म्हणून संशय तिकडे जातच नाही. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून असे न घोषित केलेले फंक्शन ही सरळ चूक मानली जाते, आणि हा बदल फार उपकारक झाला आहे. योग्य उपाय म्हणजे ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ या मॅक्रोला २००८०९एल ही किंमत देणे, आणि तेही कोणतेही हेडर घेण्याआधी, कारण पहिले हेडर आत येतानाच काय दाखवायचे आणि काय लपवायचे हे ठरून जाते. फाइलीच्या वर लिहिण्यापेक्षा ते कंपाइलच्या आज्ञेत ‘-डी’ने दिले की विसरण्याचा प्रश्न येत नाही. मॅकवर मात्र याच मॅक्रोमुळे तिथली खास फंक्शने लपतात, हे लक्षात असू द्यावे.

हेडर दोनदा चिकटवले जाऊ नये म्हणून घालायचे ‘इफएनडेफ’चे कुंपण आता सर्वांना पाठ असते. नक्कल करून नवे हेडर बनवताना कुंपणाचे नाव बदलायचे राहते आणि दुसरी फाइल रिकामीच चिकटते, एवढी एक चूक सांभाळावी. त्याच कामाचे ‘प्रॅग्मा वन्स’ प्रमाणात नसले तरी जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्ट तिघेही ते मानतात, आणि ते वापरायला माझी हरकत नाही.

अधिक लक्ष द्यावे ते उसन्या हेडरांकडे. आपण ‘एसटीडीलिब.एच’ लिहिलेले नसते, पण दुसऱ्या एखाद्या हेडरने ते आत आणलेले असते, म्हणून काम चालते. दुसऱ्या प्रणालीवर ते दुसरे हेडर त्याला आणत नाही आणि काम थांबते. जे नाव वापरतो त्याचे हेडर त्याच फाइलीत स्वतः घ्यावे, आणि प्रत्येक सी फाइलीत तिचे स्वतःचे हेडर सर्वांत आधी घ्यावे. असे केले की हेडर स्वतःच्या पायावर उभे आहे की नाही याची परीक्षा प्रत्येक कंपाइलच्या वेळी आपसूक होते. ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा आणि विंडोजवर ३२ बिटांचा असतो, म्हणून फाइलीत किंवा तारेवर जाणाऱ्या आकड्यांसाठी ‘एसटीडीइंट.एच’मधले ठरावीक रुंदीचे प्रकार घ्यावेत, हेही याच शिस्तीत बसते.

हेडर बदलले पण त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल झाल्या नाहीत, तर भट्टीच्या त्याच उदाहरणात काय होते पाहा. नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये तापमानाच्या आधी वेळेचा एक रकाना वाढवला. वाचणारी फाइल नव्याने कंपाइल झाली, आलेखाची जुनीच राहिली. आलेख आता तापमानाच्या जागी वेळ वाचतो आणि कोणताही संदेश न देता भलते आकडे दाखवतो. जीसीसीचा ‘-एमएमडी’ हा पर्याय कोणती फाइल कोणत्या हेडरांवर अवलंबून आहे याची यादी करून ठेवतो आणि मेकफाइलीने ती यादी वाचली की हा धोका टळतो. सीमेक हे आपणहून करतो. कोण कोणाला आत ओढत आहे हे पाहायचे असेल तर जीसीसीत मोठ्या अक्षरातला ‘-एच’ आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘शोइन्क्लूड्स’ हा पर्याय संपूर्ण वंशावळ छापून देतो.

रास्पबेरी पायसाठीचा प्रोग्राम पायवर न करता स्वतःच्या लॅपटॉपवर कंपाइल करणारे पुष्कळ आहेत, आणि मोठ्या प्रकल्पात ते वेळेच्या दृष्टीने योग्यही आहे. त्या वेळी एखादे हेडर सापडले नाही म्हणून लॅपटॉपच्या प्रणालीचे ‘युएसआर’मधले ‘इन्क्लूड’ फोल्डर ‘-आय’ने कधीही देऊ नये. ते हेडर लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी आणि त्याच्या लायब्ररींसाठी लिहिलेले असते. कंपाइल कदाचित पार पडेल, पण स्ट्रक्चरची मापे पायवरच्या लायब्ररीशी जुळतीलच असे नाही. पायवरच्या फाइल-प्रणालीची प्रत लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवून कंपायलरला ‘सिसरूट’ या पर्यायाने तेच फोल्डर दाखवावे, म्हणजे हेडर आणि लायब्ररी दोन्ही एकाच ठिकाणाहून आणि एकाच आवृत्तीच्या घेतल्या जातात.